वर्गणीची वही

पहाटे ४.३०

सातपाटीच्या बंदरावर दिवे लागतात तेव्हा गावातल्या निम्म्या घरांत चहा उकळत असतो. भावाची बोट आज परतायची आहे, म्हणून आईबरोबर मीही खाली उतरते. मी बोईसरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. पण दिवस सुरू होतो तो इथे, ओल्या वाळूत आणि बर्फाच्या चुऱ्यात.

बोट लागली की खलाशी मासळी वर काढतात. पापलेट आकाराप्रमाणे निवडलं जातं, सोसायटीच्या काट्यावर चढतं, आणि कारकून बोटीचं नाव, प्रत आणि वजन मोठ्याने पुकारून वहीत मांडतो. डिझेल, बर्फ, जाळ्याची उधारी, सगळं त्याच बोटीच्या नावापुढे. तांडेल एकटा व्यापाऱ्यासमोर उभा राहिला, तर मासा नरम पडायच्या आत मिळेल तो भाव त्याला घ्यावा लागतो. गावाने मिळून विकलं की तोच व्यापारी गावाशी बोलतो. आमच्या मच्छीमार सहकारी संस्था या साध्या हिशेबावर उभ्या राहिल्या. २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा झाला तेव्हा गावाला अभिमान वाटला; पण माझ्या लेखी त्या माशाइतकाच मान या वहीचा आहे.

कारकुनाचा पुकारा ऐकताना मला दरवेळी एफिसस आठवतं. आजच्या तुर्कस्तानातलं हे रोमन काळातलं मोठं बंदर. तिथल्या कोळ्यांनी आणि मासे विकणाऱ्यांनी सम्राट नीरोच्या काळात, इ.स. ५४ ते ५९ च्या दरम्यान, मासळीवरच्या जकातीसाठी वर्गणी काढून एक इमारत बांधली आणि कुणी काय दिलं ते दगडावर कोरून ठेवलं. कुणी खांब दिले, कुणी फरशी, कुणी विटा, कुणी रोख दिनार. काहींनी आपल्याबरोबर बायकोचं आणि मुलांचंही नाव घातलं. यादीत रोमचे नागरिक आहेत, गुलामगिरीतून सुटलेले आहेत आणि गुलामही आहेत. त्यांच्याबद्दल कुणी ग्रंथ लिहिला नाही. वर्गणी दिली, म्हणून त्यांची नावं उरली.

माझ्या भावाचं नाव वहीत चढतं. आई वाकून आकडा बघते. तिला फारसं वाचता येत नाही, पण आकडे तिला फसवत नाहीत.

सकाळी ६.१५

पालघरला जाणाऱ्या गाडीत टोपल्या आधी, माणसं नंतर. शिरगाव मागे पडतं, आणि पालघरच्या पाचबत्ती चौकात गाडी वळते तेव्हा माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. १४ ऑगस्ट १९४२ ला कचेरीवर निघालेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्यांतले काशिनाथ हरी पागधरे आमच्या सातपाटीचे. बाकीचेही याच पट्ट्यातले. त्या दिवशी लोक गावागावांतून चालत, एकमेकांना हाका मारत आले होते. माणसं एकटी निघाली असती तर मोर्चा झालाच नसता.

सकाळी ६.५०

पालघर स्टेशनात पलीकडच्या फलाटावर मुंबईकडे जाणारी गाडी येते. तिच्या एका डब्यातून टाळांचा आवाज बाहेर पडतो आणि गाडीबरोबरच पुढे जातो. अशा भजनी मंडळांचा खजिनदार असतो, महिन्याची वर्गणी असते, जागा ठरलेल्या असतात. एखादा गडी आठ दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी फोन जातो.

मी उलट्या दिशेला, बोईसरकडे जाते. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली आणि या प्रवासाला वेळापत्रकाचा आधार मिळाला. माझ्या डब्यात औषधांच्या आणि कपड्यांच्या कंपन्यांत पॅकिंगला जाणाऱ्या बायका असतात. आज त्यांच्या भिशीचा दिवस आहे. बारा जणी, प्रत्येकीचे हजार रुपये, महिन्याला एक चिठ्ठी. आज चिठ्ठी एकीची निघते, पण ती दुसरीकडे बघून म्हणते, "माझं राहू दे, हिच्या पोरीची फी भरायचीय." कुणी वाद घालत नाही. उमरोळी जाईपर्यंत वहीत दुरुस्ती होते आणि दोघींच्या सह्या होतात.

या व्यवहाराला बँकेचा शिक्का नाही. तरी कुणी पैसे बुडवून पळत नाही, कारण उद्या पुन्हा याच डब्यात चढायचं असतं.

सकाळी ८.३०

दुसऱ्या वर्षाचा वर्ग. बाकांवर तारापूरच्या एमआयडीसीतल्या कामगारांची मुलं आहेत, आसपासच्या पाड्यांवरची वारली मुलं आहेत, नांदगाव-आलेवाडीकडची कोळी मुलं आहेत. पाठ्यपुस्तकात रोम म्हणजे सीझर, ऑगस्टस आणि लढाया. मी फळ्यावर "फळवाले" असा शब्द लिहिते.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुवियस ज्वालामुखी फुटला आणि पाँपेई हे शहर राखेखाली गेलं. त्यामुळे भिंतींवरची निवडणुकीची रंगवलेली वाक्यं तशीच राहिली. त्यातल्या एकात फळविक्रेते मिळून सांगतात की होल्कोनियस प्रिस्कस याला निवडून द्या. "म्हणजे आपल्याकडे रिक्षा युनियन पाठिंब्याचा बोर्ड लावते तसं," मागच्या बाकावरून आवाज येतो. अगदी तसंच.

मग मी लानुवियमचा नियम वाचून दाखवते. रोमपासून साधारण तीस किलोमीटरवरचं हे छोटं गाव. इ.स. १३६ मध्ये तिथल्या एका मंडळाने आपली घटना संगमरवरावर कोरली. डायना ही देवी आणि अँटिनोअस ही त्यांची दैवतं. पण मुख्य काम एकच, मेलेल्या सभासदाला नीट निरोप देणं. रोममधलं छोटं नाणं म्हणजे अस. चार अस मिळून एक सेस्टर्टियस. प्रवेशाचे १०० सेस्टर्टियस आणि चांगल्या द्राक्षमद्याचा एक रांजण. महिन्याची वर्गणी पाच अस. सभासद गेला की मंडळाकडून ३०० सेस्टर्टियस, त्यातले ५० अंत्ययात्रेला येणाऱ्यांत वाटायचे. सहा महिने वर्गणी थकली तर हक्क गेला. नव्याने येणाऱ्याला सुरुवातीलाच बजावलेलं आहे: आधी नियम वाच, मग आत ये, म्हणजे पुढे कुरकुर नको आणि वारसांना भांडण नको.

मुलं वहीत आकडे उतरवतात आणि मी पुढे सांगते. सभासदांत गुलामही होते. गुलाम मेला आणि मालकाने देह द्यायला नकार दिला, तर मंडळ त्याची प्रतिमा करून तिची अंत्ययात्रा काढत असे. गुलाम मुक्त झाला तर त्याने मंडळाला द्राक्षमद्य पाजायचं. वर्षातून काही ठरलेल्या दिवशी एकत्र जेवण. प्रत्येकाला दोन असची भाकरी आणि चार तारल्या. जेवताना जागा सोडून दंगा केला तर चार सेस्टर्टियस दंड. दुसऱ्याला शिवी दिली तर बारा.

"चार तारल्या लिहून ठेवल्या?" एक मुलगी विचारते. तिला आश्चर्य वाटतं, आणि मला बरं वाटतं. कारण मोजून लिहिलं नसतं तर कुणीतरी पाच घेतल्या असत्या आणि शेवटच्याला तीन आल्या असत्या. गरिबाच्या पंगतीत आकडा हा न्याय असतो.

वर्ग सुटताना पाड्यावरचा एक मुलगा टेबलाशी येतो. "मॅडम, आमच्याकडे कुणी गेलं की घरोघरचे तांदूळ आणि पैसे जमतात. पण लिहीत कुणी नाही." मी त्याला म्हणते, "तू लिही."

सकाळी ११.००

रिकामा तास. ग्रंथालयात मी नाशिकच्या पांडवलेण्यांचे लेख उघडते. मुलांना रोम दूरचं वाटू नये म्हणून मला आपल्याकडचा दुवा दाखवायचा आहे, आणि तो आमच्याच जिल्ह्यातून जातो.

आजच्या पालघर जिल्ह्यातलं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शकात त्याचं नाव सुप्पारा म्हणून येतं. रोमन साम्राज्याच्या इजिप्तमधल्या बंदरांतून निघालेली जहाजं या किनाऱ्याला येत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यात स्तूप उकरला. त्या टेकाडाला लोक "बुरूड राजाचा कोट" म्हणत. राजाच्या आधी बुरूड, म्हणजे बांबूचं काम करणारा, हा शब्द आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं; कारण जुन्नरच्या लेण्यांत बांबूचं काम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख खरोखरच कोरलेला आहे.

श्रेणी म्हणजे एका व्यवसायाच्या लोकांचा संघ. रोममध्ये त्याला कोलेजियम म्हणत. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने बेचाळिसाव्या वर्षी दिलेलं दान नोंदलं आहे. तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, भिक्षूंच्या खर्चासाठी. हे पैसे त्याने गोवर्धन या गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. लेखात शब्द आहे "कोलिक", म्हणजे विणकर. आमचे कोळी नव्हेत, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. एका श्रेणीकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं.

मी कागदावर हिशेब मांडते. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात सांगितलं आहे की पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब तंतोतंत जुळतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब जुळताना बघून माझ्या अंगावर काटा येतो.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. राजाच्या जावयाने पैसे ठेवले ते विणकरांकडे. राजवटी येतात आणि जातात, विणकरांचा संघ टिकतो, असा भरवसा त्याला होता. आणि हे सगळं नगराच्या सभेत वाचून दाखवलं गेलं, कचेरीत नोंदवलं गेलं, असंही कोरलेलं आहे. नंतरच्या काळातल्या, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळच्या लेखात विष्णुदत्ता नावाची एक बाई आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशाच ठेवी ठेवते. तिथे कुंभारांची, जलयंत्रं करणाऱ्यांची आणि तेल्यांची श्रेणी येते.

उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखात तो नद्या मोजतो, जिथे त्याने फुकट नावेची सोय केली: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका. दाहनुका म्हणजे आमच्या डहाणूची नदी. दोन्ही तीरांवर त्याने विसाव्याच्या जागा आणि पाणपोयाही केल्या. या दानात नावाड्याचं नाव नाही. पण नाव चालवणारा कुणीतरी होता, आणि तो याच खाडीचं पाणी ओळखणारा होता.

दुपारी १.३०

कॉलेज सुटल्यावर एमआयडीसीच्या कडेच्या चाळीत जाते. माझी एक विद्यार्थिनी पंधरा दिवस वर्गात नाही. दहा बाय दहाच्या खोल्या, बाहेर सायकली, दोरीवर निळे गणवेश. इथे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कंत्राटी कामगार राहतात आणि खानदेश-मराठवाड्यातूनही कुटुंबं आली आहेत.

मुलगी तापाने आजारी होती, आता बरी आहे. तिच्या दाराजवळ भिंतीला एक कागद चिकटवलेला दिसतो. एका रांगेत नावं, पुढे आकडे: १००, २००, ५०, ५००. खाली बेरीज. तिचे वडील सांगतात की गेल्या महिन्यात चाळीतला एक मुलगा कारखान्यात भाजून गेला. ठेकेदार दोन दिवस फोन उचलत नव्हता. देह गावी पोचवायचा होता, गाडीभाडं मोठं होतं. संध्याकाळी दोघे जण वही घेऊन खोलीखोलीतून फिरले आणि सकाळी गाडी निघाली. "त्याची भाषा वेगळी, आमची वेगळी," ते म्हणतात, "पण परक्या गावात मेला म्हणून बेवारस जाईल का?"

मी त्या कागदासमोर बराच वेळ उभी राहते. लानुवियमच्या दगडावर याच प्रसंगासाठी कलम आहे. सभासद गावापासून विसाव्या मैलाच्या दगडापलीकडे मेला आणि निरोप आला, तर मंडळाने तीन माणसं पाठवायची. त्यांनी तिथे त्याचा अंत्यविधी करायचा, प्रामाणिक हिशेब परत येऊन द्यायचा, आणि त्यांचा प्रवासखर्च मंडळाने सोसायचा. अठराशे-एकोणीसशे वर्षांचं अंतर आहे, पण भीती तीच आहे: आपण मेलो तर आपल्याला नेणारं कुणी असेल का? आणि उत्तरही तेच आहे: वर्गणी.

मी परवानगी घेऊन त्या कागदाचा फोटो काढते. मी असं का केलं, ते तिच्या वडिलांना सांगते. त्यांना ते पटतं. ते कागदाचं सुटलेलं टोक पुन्हा चिकटवून टाकतात.

दुपारी ४.००

स्टेशनवर सकाळचा तो पाड्यावरचा मुलगा भेटतो. गाडीला वेळ आहे. तो विचारतो, "रोममध्ये सरकार अशा मंडळांना काही करायचं नाही का?"

करायचं. इ.स.पूर्व ६४ मध्ये रोमच्या सिनेटने अनेक मंडळं बंद केली. पुढे सीझरने आणि ऑगस्टसनेही त्यांच्यावर निर्बंध आणले. इ.स. १११ च्या सुमारास प्लिनी नावाच्या अधिकाऱ्याने सम्राट ट्राजनला विचारलं की निकोमीडिया शहरात मोठी आग लागून गेली आहे, तर दीडशे माणसांचं आग विझवणारं मंडळ करू का? सम्राटाने नाही म्हटलं. माणसं कोणत्याही कारणाने जमली तरी पुढे त्यांचा राजकीय गट होतो, त्यापेक्षा आग विझवण्याची साधनं पुरवा, असं त्याचं म्हणणं. आगीपेक्षा जमलेल्या माणसांचं भय त्याला मोठं वाटलं.

"आणि आपल्याकडे?" तो विचारतो. त्याचा पणजोबा तलासरीकडचा. म्हणून मी त्याला झरीचं सांगते. २३ मे १९४५ ला तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने किसान सभेने बोलावलं होतं. वेठबिगारी करायची नाही, असं तिथे ठरलं. त्याच वर्षी गवतकापणीला पाचशे पौंडांमागे अडीच रुपये मजुरी हवी म्हणून संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. तरीही लढा थांबला नाही आणि वेठबिगारी मोडली. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं म्हणून ते आपल्याला कळतं. ज्यांचं कुणी लिहिलं नाही, त्यांचं काय झालं हे आपण विचारलंच पाहिजे.

मुलगा बराच वेळ रुळांकडे बघत राहतो. मग विचारतो, "पणजोबांच्या वेळचं आजीला आठवतं. रेकॉर्ड करू का?" गाडी येते. मी खिडकीतून ओरडून सांगते, "आजच कर!"

संध्याकाळी ६.३०

घरी पोचते तेव्हा ओटीवर आईच्या बचत गटाची बैठक चालू असते. दहा-बारा बायका, मध्ये पत्र्याची पेटी, आणि हजेरी घेणारी शेजारची वहिनी. एका काकूला बर्फपेटी घ्यायला कर्ज हवं आहे. मागच्या कर्जाचे दोन हप्ते तिने उशिरा भरले होते. कुणी लाजवत नाही, पण विचारतात. ती नवऱ्याच्या दुखण्याचं सांगते. कर्ज मंजूर होतं, जामीन दोघी राहतात. वहिनी ठराव वहीत लिहिते, मोठ्याने वाचते आणि अंगठे-सह्या होतात.

"नगराच्या सभेत वाचून दाखवलं आणि कचेरीत नोंदवलं." नाशिकच्या लेखातलं ते कलम माझ्यासमोर ओटीवर घडत असतं. पैसा किती मोठा, यावर संस्थेची पत ठरत नाही. सगळ्यांच्या कानावर घालून लिहिलं की नाही, यावर ठरते.

रात्री ९.३०

जेवण झाल्यावर आई कपाटातलं एक गाठोडं पुढे करते. "हे रद्दीत घालू का? वाळवी लागलीय." आत आजोबांच्या वेळच्या एका मंडळाच्या वह्या आहेत. पानं खारट हवेने पिवळी पडून कडक झाली आहेत. कुणाच्या घराला आग लागली म्हणून दोन रुपये, बोट बुडाली म्हणून पाच, पालखीला नारळ, एका विधवेला तांदूळ. एका पानावर एकाचं नाव खोडून पुढे लिहिलंय, "माफी, आजारी".

आजवर मी या घरात राहून रोम शिकवत आले आणि कपाटात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी वह्या सुती कापडात बांधते. उद्यापासून रोज दहा पानांचे फोटो काढायचे ठरवते.

एफिससच्या कोळ्यांनी दगडावर लिहिलं, गोवर्धनच्या विणकरांचा हिशेब डोंगरात कोरला गेला. आपली नावं कागदावर आहेत आणि कागदाला वाळवी, पूर आणि रद्दीवाला हे तीन वैरी आहेत. म्हणून वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या गणेशमंडळाची, भिशीची, भजनाची, युनियनची, बचत गटाची, अंत्यविधी निधीची जुनी वही घरात असेल तर ती आज शोधा. तिच्यावर मंडळाचं नाव आणि साल लिहा. पानांचे फोटो काढा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवा. लिहिणारं कुणी हयात असेल तर त्याला खोडलेल्या नावांविषयी विचारा आणि उत्तर त्याच पानावर तारखेसह टिपून ठेवा.